पिरव्वाला पहिली हाक

भीमण्णाच्या घरात पोरगी झाल्याची बातमी गावाला सांगायला सुईणीला दाराबाहेर पडावंच लागलं नाही. म्हातारा स्वतःच पळत चावडीवर गेला. डोक्याला रुमाल नाही, धोतराचा सोगा हातात, पायात एकच पायताण. चावडीवरच्या माणसांना वाटलं, बैल सुटला की गंजीला आग लागली. म्हातारा दम खात खांबाला टेकला आणि म्हणाला, "झाली. पोरगी झाली माज्या घरात." आणि एवढं बोलून तो लहान लेकरासारखा रडायला लागला.

हसू नका. त्या घरात तीन पिढ्यांत पाळण्यात पोरगी पडली नव्हती. भीमण्णाला बहीण नाही, त्याच्या बापाला नव्हती, भीमण्णाला मूल म्हणावं तर एकटा लिंगराज, आणि लिंगराजलाही आधी दोन्ही पोरगेच. पंचमीला गावातल्या घराघरात लेकी माहेरी यायच्या, लिंबाच्या फांद्यांना झोके लागायचे, आणि भीमण्णाच्या घरातली एकुलती एक बाई, त्याची सून जगदेवी, आपल्या माहेरी गेलेली असायची. मग हे बापलेक चुलीपुढं बसून वेड्यावाकड्या भाकरी थापायचे आणि शेजारच्या झोक्यांवरची गाणी ऐकायचे. घरात लेक नाही म्हणजे आत्याही नाही. पोरांच्या बारशाला आत्यासुद्धा शेजारून उसनी आणावी लागली होती.

ती उसनी आत्या म्हणजे दानम्मा. गावचा कारभारी फकिरप्पा, त्याची ती थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहिलेली, अंगानं काटकुळी, आवाजानं मात्र चार बायकांना पुरेल अशी.

तर, नाव ठेवायचं होतं. भीमण्णा दिवसभर नावंच गोळा करत हिंडायला लागला. शाळेच्या मास्तरांनी शारदा सुचवलं. हुमनाबादच्या बाजारात काळे मणी घेताना दुकानदारानं सुशीला सुचवलं. घरी आला की म्हातारा पाळण्यावर वाकून एकेक नाव उच्चारायचा आणि पोरीच्या तोंडाकडं बघत राहायचा. तिनं तोंड वाकडं केलं की ते नाव बाद.

"शारदा नगं म्हनायली बग," तो सुनेला सांगायचा. "सुशीला म्हनलं तर जांभई द्यायली."

जगदेवी नुसती हसायची. तिच्याही अंगात कितीतरी दिवसांनी आनंद मावत नव्हता. दूध उतरलेलं, कंबर कापडानं आवळून बांधलेली, डोळ्यांखाली काळं, आणि तरी ती मधूनच उठून पाळण्यात डोकावायची. पोरगी खरंच आहे ना, एवढं बघायला.

एका संध्याकाळी भीमण्णा, लिंगराज आणि ती चुलीपाशी बसले असताना ती म्हणाली, "मामा, नाव ठरलंय."

"कुनी ठरवलं?"

"मी. पिराच्या कट्ट्यावर नवस बोललेते. पोरगी दे, तुजं नाव ठिवते म्हनून. पिरव्वा."

लिंगराजच्या हातातला घास हातातच राहिला. यात नवस नवा नव्हता. गावाबाहेर लाल दगडाच्या माळावर पिराचा कट्टा होता आणि अख्खं गाव पिढ्यानुपिढ्या तिथं नवस बोलत आलं होतं. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, ऊद जाळायचा, मलिदा वाटायचा, पोर झालं की पिराचं नाव द्यायचं. गावात पिरप्पा होते, फकिरव्वा होत्या, एक मौलप्पा तर मठातली घंटा वाजवायचा. पण रझाकारांची धामधूम झाली, त्यामागून पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. कट्ट्यावरचा मुजावर बायकापोरं घेऊन हैदराबादेकडं निघून गेला. तेव्हापासून माळावर कुणी चढत नव्हतं. जगदेवी मात्र गेल्या वर्षी शेण्या वेचायच्या निमित्तानं चढली होती. विझलेली पणती तिनं पदरानं पुसली होती आणि लावली होती.

"मला कामून सांगितलं न्हाईस?" लिंगराजनं विचारलं.

"सांगितलं आसतं तर जाऊ दिलं आसतं का?"

भीमण्णानं पाळण्याकडं बघून हळूच ते नाव उच्चारलं. पोरगी झोपली होती. तिनं काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आडावर बायकांनी जगदेवीला घेरलं. सगळ्या उत्सुक, सगळ्यांच्या घागरी अजून रिकाम्या. नाव ऐकल्यावर एकीनं दोर सोडला, दुसरीनं घागर कमरेवर घेतली, तिसरी म्हणाली, "चांगलं हाय की. जुनं नाव हाय," आणि लगबगीनं निघून गेली. जगदेवी एकटीच आडावर उरली. तिला राग आला नाही, नवल वाटलं. त्या तिसरीच्या सासूचं नावच पिरव्वा होतं.

ऊन उतरल्यावर फकिरप्पा घरी आला. खरं तर त्याला आता शिवशरणप्पा म्हणायचं, असा गावात नियमच झाला होता. नियम त्यानंच घातला होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. तो ओट्यावर बसला. पाणी दिलं, प्यायला नाही.

"भीमण्णा, नाव बदला," तो म्हणाला. "नवस फेडायचा तर मलिदा करा, मी येतो खायाला. नाव नगं. आता ते दिवस न्हाईत."

दाराआडून जगदेवी म्हणाली, "मामा, शबुद दिलाय मी."

"पोरी, तुला काय ठावं हाय? नावानं काय हुतं ते मला इचार." फकिरप्पा तिच्याशी बोलत होता, पण बघत होता भीमण्णाकडं. "रझाकाराच्या गर्दीत हुमनाबादच्या वाटंवर मला आडवलं. नाव इचारलं. फकिरप्पा म्हनलं. जा म्हनले. लई खुशीत घरला आलो. मग ते राज गेलं. त्याच वाटंवर, त्याच नाक्यावर दुसऱ्यांनी आडवलं. नाव इचारलं. त्याच तोंडानं फकिरप्पा म्हनलं. मला उनात उकिडवं बसवलं. अंगरखा काढाया लावला. गळ्यातलं लिंग उघडून दावलं, तरी हसायलते. तवा आपल्या गावच्या गाड्या बाजाराहून यायलत्या. मी बगायलो, कुनी तरी म्हनल हा आमचा मानूस हाय. गाड्या गेल्या निघून. एक गाडी तुजी व्हती, भीमण्णा."

भीमण्णाची मान खाली गेली ती वर आली नाही. इतक्या दिवसांत ही गोष्ट दोघांनीही तोंडातून काढली नव्हती.

जगदेवीला वाईट वाटलं. फकिरप्पाबद्दलही वाटलं आणि सासऱ्याबद्दलही. पण ती म्हणाली, "मामा, नावानं तुमाला बसवलं न्हाई. बसवनारी मानसं व्हती."

"मानसं हायतच आजून," फकिरप्पा उठत म्हणाला. "पोरीच्या गळ्यातलं लिंग जवळ आल्याबिगर दिसत न्हाई. नाव लांबून ऐकू येतं. नाव बदला, उद्या सावड तुमच्या रानात यिल. न्हाई तर न्हाई."

सावड म्हणजे गावाचं काम वाटून घेणं. सगळ्यांनी मिळून आज याचं रान काढायचं, उद्या त्याचं. त्या आठवड्यात भीमण्णाच्या ज्वारीची पाळी होती. काळ्या रानातली ज्वारी वाळून खडखडत होती, कणसं मोत्यासारखी भरली होती, आणि बीदरच्या बाजूला दुपारी दुपारी ढग जमायला लागले होते. काढायला आलेल्या ज्वारीवर पाऊस पडला की दाणा काळा पडतो. मग ती भाकरी जनावरही हुंगून सोडतं.

सकाळी सावड आली नाही. शेजारच्या रानात माणसांची रांग वाकलेली दिसत होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि इकडं लिंगराज आणि भीमण्णा दोघंच. ज्वारी उपटायची म्हणजे ताट बुडाशी धरून हिसका द्यायचा. काळी जमीन वाळून दगड झालेली, मूळ सोडत नव्हती. भीमण्णानं बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्या दुपारपर्यंत लाल झाल्या.

दुपारी जगदेवी आली. डोक्यावर भाकरीची दुरडी, पाठीशी झोळीत पोरगी.

"तू कामून आलीस? बाळंतीन बाई तू," लिंगराज ओरडला.

"ढग काय माजं बाळंतपन सरस्तोर थांबनार हायती का?"

बाभळीच्या फांदीला तिनं झोळी बांधली, पदर खोचला आणि ओळीला लागली. पहिल्या हिसक्यालाच ओटीपोटात कळ गेली. दुसऱ्याला डोळ्यांपुढं अंधारी आली. मग अंगाला सवय झाली. पोरगी रडली की दूध आपोआप झरायचं, चोळी भिजायची, वरून ज्वारीचा कोंडा चिकटायचा आणि सगळं अंग खाजून हैराण व्हायचं. पण गंमत अशी, की तिला त्या दिवसांत वाईट वाटायचंच नाही. झोळीकडं जाताना तिच्या पावलांना घाई व्हायची. पाजता पाजता ती पोरीला रान दाखवायची, हे आपलं, ते कारभाऱ्याचं, तो पिराचा माळ.

नावं गोळा करणारा भीमण्णा आता नुसता रान काढत होता. वाकायचा, उपटायचा, पेंढी बांधायचा. एकदा पाणी पिताना सुनेला म्हणाला, "तवा गाडीत तुजा नवरा व्हता. मला वाटलं, मी बोललो तर ह्यालाबी उतरवतील." जगदेवीनं तांब्या पुन्हा भरून त्याच्या हातात दिला.

पुढल्या दिवशी बांधावरून दानम्माचा आवाज आला. माणूस दिसायच्या आधीच.

"काय गं भवाने, बारसं करायलीस आन् आत्याला बोलावनं न्हाई?"

"अक्का, तुमचा भाऊ..."

"भाऊ न्हाई म्हनलाय. आत्या मी हाव का तो हाय?" ती झोळीत वाकली, पोरीला बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "अगं माय, नाकबीक किती सुरेख हाय." मग तिनं लुगडं वर खोचलं आणि जगदेवीच्या शेजारची ओळ धरली. उपटता उपटता बोलतच होती. "कानात नाव मी सांगते, त्याची काळजी नगं. पन पयली हाक घराबाहेरच्या गड्यानं मारावी लागती. त्याबिगर नाव लागत न्हाई. हाक कोन मारनार, ते तू बग."

हा त्या गावचा रिवाजच होता. आत्या नाव कानात सांगते, ते लेकराचं. पण परक्या घरातल्या पुरुषानं मोठ्यांदा हाक मारली आणि आईनं लेकराच्या वतीनं ओ दिली, की ते गावाचं. हाक नाही मारली तर पुढं त्या नावानं कुणी बोलावत नाही. एखादं काळी, नकटी असं काहीतरी चिकटतं आणि जन्मभर राहतं.

जगदेवीनं ठरवलं, बारसं रानातच करायचं. ज्वारी सोडून घरी जायला वेळ नव्हता आणि ढग रोज थोडे जवळ येत होते. मठाचे गुरुपादय्या लेकराला लिंग बांधायचे. ते येतात की नाही, याची लिंगराजला धास्ती. त्यानं जाऊन विचारलं, तर अय्या म्हणाले, "लिंग बांधनं माझं काम. नाव ठिवनं आत्याचं. रान आसंल न्हाईतर घर, मला काय. दूध तेवढं ताजं द्या."

बारशाच्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च. बाभळीखाली जागा झाडून काढलेली, दोन पेंढ्यांच्या मधे झोळीचा पाळणा, त्याला झेंडूची एकच माळ. जगदेवीनं मलिदा केला होता, परातभर. कोण खाणार, असं लिंगराजनं विचारलं, तर म्हणाली, "केलाय तर खातील." अय्या आले, भस्म लावलं, पोरीच्या गळ्यात इवलंसं लिंग बांधलं आणि दुधाचा पेला घेऊन बाजूला बसले.

मग एकेक गंमत सुरू झाली. आडावरची एक बाई हरवलेली शेळी शोधत आली. शेळी कुठं दिसली नाही, पण बाई पाळण्याच्या दोरीपाशी बसली. दुसरी गवत कापायला आली, विळा विसरून. तिसरी नुसतीच आली, तिला निमित्त सुचलंच नव्हतं. बघता बघता बाभळीखाली जागा उरली नाही. जगदेवी मलिद्याची परात इकडून उचलून तिकडं ठेवत होती, पुन्हा इकडं आणत होती. बांधापलीकडं सावडीचे गडीही काम थांबवून उभे होते. आभाळ बघतोय असं दाखवत होते.

दानम्मानं पोरीच्या कानाशी तोंड नेलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या.

"हळू गं, हाडं हायती ती," ती ओरडली आणि हसत हसत नाव सांगून मोकळी झाली. "पिरव्वा."

हसणं थांबलं. आता हाक. बायकांनी बांधाकडं माना वळवल्या. गड्यांपैकी एकानं पायानं ढेकूळ फोडलं, एक विडी शोधायला लागला. सगळ्यांची नजर गाडीवाटेकडं गेली होती, कारण तिथं फकिरप्पा येऊन थांबला होता. तो बहिणीला घेऊन जायला आला होता.

जगदेवीनं पोरीला पाळण्यातून उचललं. तिचा आनंद उतरत चालला होता, तोंडावर दिसत होतं. "मारा की कुनी तरी," ती म्हणाली. आवाज कुणाला ऐकू गेला नसेल.

फकिरप्पानं सगळं बघितलं. बहिणीला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि तो माघारी वळला. वाटेनं चालायलाही लागला.

भीमण्णा उठला. चिंध्या बांधलेल्या हातांनी काट्या बाजूला सारत तो बांधावर चढला, ताठ उभा राहिला आणि त्यानं सगळा जीव लावून हाक मारली, "फकिरप्पाऽऽ"

शेजारच्या रानातले बैलसुद्धा थबकले. ते नाव गावात इतक्या मोठ्यांदा कित्येक दिवसांत कुणी घेतलं नव्हतं.

"ओ," फकिरप्पा म्हणाला.

नकळत म्हणून गेला आणि मग उभाच राहिला. पाठ तशीच, मान तशीच. मग सावकाश वळला आणि माघारी चालत आला. भीमण्णा बांधावरून उतरून त्याच्यापुढं गेला.

"त्या दिशी नाक्यावर मारायची व्हती ही हाक," भीमण्णा म्हणाला. "भ्यालो मी. तोंड उघडलं न्हाई. तुला उनात सोडून आलो."

फकिरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पुसलंही नाही. अय्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला.

"पोरगी कुटं हाय?" फकिरप्पानं विचारलं.

जगदेवी पुढं झाली. पदर सावरायचंही तिला सुचलं नाही. त्यानं वाकून पोरीचं तोंड बघितलं, तिच्या गळ्यातलं लिंग बोटानं नीट केलं, आणि खाकरून हलकेच म्हणाला, "पिरव्वा."

"मला तर ऐकू आलं न्हाई," दानम्मा बाभळीखालून म्हणाली. "ही हाक हाय का तुजा खोकला?"

बायका हसल्या. बांधावरचे गडी हसले. फकिरप्पालाही हसू फुटलं. तो बांधावर चढला. तिथून हुमनाबादची वाट स्पष्ट दिसत होती आणि तिच्यावरून परक्या गावाच्या गाड्या बाजाराला निघाल्या होत्या. त्या वाटेकडं तोंड करून, दोन्ही हात तोंडापाशी धरून त्यानं हाक मारली, "पिरव्वाऽऽ, ए पिरव्वाऽऽ"

वाटेवरच्या एका गाडीवानानं बैल थांबवले आणि वळून पाहिलं. पाहू दे, असं जगदेवीला वाटलं. तिनं पोरीला खांद्यापर्यंत उचललं आणि तिच्या वतीनं, त्या गाडीवानाला ऐकू जाईल अशी, खणखणीत ओ दिली.